लग्नाच्या सकाळी नवरीच्या आवरण्याचे फोटो: मराठवाड्यातल्या लग्नघरासाठी तयारी

पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा आणि अक्षता पडतात दीड वाजता. हा उशीर कुणी मनावर घेत नाही. पण त्याची झळ सगळ्यात आधी बसते ती नवरीच्या आवरण्याच्या वेळेला. वऱ्हाड उशिरा आलं, हळद लांबली, लाइट गेली, पार्लरवाली रस्ता चुकली, काहीही झालं तरी सगळे म्हणतात, “पोरीचं आवरा पटकन.” मग अल्बममध्ये आवरतानाचे फोटो म्हणून येतात दोन-तीन. त्यातल्या एकात मागे गाद्यांचा ढीग, एकात कुणाचा तरी हात.

माझं लग्न परभणीकडच्या एका मंगल कार्यालयात झालं. तेव्हापासून घरातल्या बहिणींच्या, भाच्यांच्या लग्नात नवरीच्या खोलीचा ताबा माझ्याकडे असतो. इन्स्टाग्रामवर दिसतात ते फोटो मोठ्या हॉटेलातल्या पांढऱ्या पडद्यांच्या खोलीत काढलेले असतात. आपल्याकडे तशी खोली नसते, आणि तिच्यावाचून अडतही नाही. चांगले फोटो यायला खिडकीजवळची मोकळी जागा लागते आणि कुणी मोडणार नाही असा एक तास. खाली जे काही सांगते आहे ते या दोन गोष्टी पदरात पाडून घेण्यासाठी. हे नवरीने वाचावंच, पण तिच्या करवलीने आधी वाचावं. त्या सकाळी नवरीचं डोकं ठिकाणावर नसतं.

१. मुहूर्त सोडा, दिवसाचा क्रम लिहून काढा

गावाकडे अजूनही बऱ्याच घरांत साखरपुडा, हळद आणि लग्न एकाच दिवशी उरकतात. तुमचं तसं असेल तर मोठ्या माणसांना बसवून क्रम विचारा आणि कागदावर घ्या. यात तीन गाठी असतात.

पहिली गाठ उष्टी हळद. नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लागते. म्हणजे वऱ्हाड पोचल्याशिवाय तुमची हळद नाही, हळदीशिवाय अंघोळ नाही आणि अंघोळीशिवाय मेकअप नाही. वऱ्हाडाची गाडी वाटेत चहाला थांबली की तुमचा तास गेला. गावं जवळ असतील तर एखाद्या दिराने पहाटे मोटरसायकलवर वाटीभर हळद आणून द्यावी, असं व्याह्यांशी आधीच बोलून ठेवा. कुणी नाही म्हणत नाही. हळद आदल्या संध्याकाळी ठेवता आली तर प्रश्नच मिटला.

दुसरी गाठ साड्यांची. हळदीची साडी, साखरपुड्यात ओटी भरल्यावर नेसायची साडी, लग्नाचा शालू, आणि काही घरांत निघताना आणखी एक. प्रत्येक बदलाला अर्धा तास धरा, नऊवारी नेसवायची असेल तर जास्त. आवरण्याचे फोटो यातल्या एकाच साडीवर काढायचे असं ठरवून टाका. माझं मत विचाराल तर लग्नाच्या शालूवर. सगळ्या साड्यांचे काढू गेलात तर एकाचेही धड होत नाहीत.

तिसरी गाठ परण्या. नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला निघतो आणि फोटोग्राफर त्याच्या घोड्यामागे पळतो. नेमकी तीच तुमची शेवटची पंधरा-वीस मिनिटं असतात: नथ, मुंडावळ्या, गजरा. कॅमेरा एकच असेल तर तो परण्यात जातो, हे गृहीत धरा.

२. फोटोग्राफरशी बोलणी

पॅकेजमध्ये ‘कँडिड’ (पोझ न देता, नकळत काढलेले फोटो) असं ठळक लिहिलेलं असतं, पण कँडिडवाला सकाळी किती वाजता पोचणार ते कुठेच लिहिलेलं नसतं. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. मोठ्या तिथीला एकच स्टुडिओ दोन-तीन लग्नं घेतो आणि सकाळच्या कामाला शिकाऊ पोराला धाडतो. आगाऊ रक्कम देण्याआधी या गोष्टी बोलून घ्या, आणि नुसत्या बोलू नका, कागदावर किंवा निदान व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या:

- नवरीच्या खोलीत कॅमेरा किती वाजता हजर होणार आणि कोण घेऊन येणार. स्टुडिओचं नाव नको, माणसाचं नाव हवं.
- परण्या चालू असताना नवरीकडे दुसरा कॅमेरा राहणार का.
- दोन्ही पक्षांनी वेगवेगळे फोटोग्राफर आणले असतील तर नवरीच्या खोलीत फक्त एकच येणार. दोघे समोरासमोर आले की एकमेकांच्या फोटोत दिसतात.
- एडिट केलेले किती फोटो मिळणार, मूळ डेटा मिळणार का, कधी मिळणार.
- तुमचे फोटो त्यांच्या इन्स्टाग्रामवर टाकायचे की नाही. विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत, हे वाक्य स्पष्ट लिहून घ्या.

आता थोडी अवघड गोष्ट. आपल्याकडे नवरीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर म्हटलं की आजी आणि आत्या नाक मुरडतात, आणि त्यांचं सगळंच चुकीचं असतं असं नाही. वाट निघते. संभाजीनगर, नांदेड, लातूर या शहरांत फोटो काढणाऱ्या मुली आता मिळतात, चौकशी करा. नाही मिळाली तर सोबत एखादी बाई मदतनीस आणायला सांगा. नियम एकच ठेवा: साडी पूर्ण नेसून, पदर पिन करून झाल्याशिवाय कॅमेरा खोलीत येणार नाही. ब्लाउजच्या नाडीचा किंवा पदराच्या पिनेचा फोटो हवा असेल तर तो सगळं नेसून झाल्यावर, शेवटची गाठ पुन्हा बांधून काढतात. चांगला फोटोग्राफर हे स्वतःच सुचवतो. जो “नाही ताई, नॅचरल पाहिजे” म्हणून आग्रह धरतो, त्याला बाहेर बसवा.

३. खोली आधी बघून या

हे काम सगळे टाळतात. कार्यालय ठरवताना आपण हॉल बघतो, जेवणाची जागा बघतो, पार्किंग बघतो. वधूपक्षाची खोली लग्नाच्या दिवशीच पहिल्यांदा उघडते.

लग्नाच्या आठवडाभर आधी, ज्या वेळी फोटो काढायचे त्याच वेळी खोलीत जाऊन उभ्या राहा. सोबत कुणालातरी न्या, तिला खिडकीजवळ उभं करा आणि मोबाइलने फोटो काढून बघा.

खिडकी कुठल्या दिशेला आहे ते पहिल्यांदा पाहा. उत्तरेची असेल तर दिवसभर मऊ, सारखा उजेड मिळतो. पूर्वेची असेल तर सकाळी थेट ऊन आत येतं. एप्रिल-मे महिन्यात नऊ वाजताचं ऊन चेहऱ्यावर पडलं की डोळे बारीक होतात आणि नाकाखाली काळी सावली पडते. अशा खिडकीला पातळ पांढरं धोतर किंवा ओढणी बांधा. उजेड गाळून येतो आणि फोटो एकदम बदलतो. बऱ्याच कार्यालयांत गडद चॉकलेटी नाहीतर लाल पडदे असतात. ते पूर्ण बाजूला सारा किंवा काढूनच ठेवा, नाहीतर नवरीच्या गालावर पडद्याचा रंग उतरतो. खिडकीबाहेर मांडवाचं गुलाबी किंवा भगवं कापड असेल तर तेही हेच करतं. मांडववाल्याला सांगून तेवढ्या भागात पांढरं कापड लावून घ्या.

फोटो चालू असताना खोलीतले बल्ब आणि ट्यूब बंद करा. बायका विरोध करतात, “अंधारात काय फोटो काढायलेत?” म्हणतात. पण खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आला की अर्धा चेहरा निळसर, अर्धा पिवळा दिसतो, आणि ते नंतर एडिटिंगमध्येही नीट निघत नाही. उजेड कमी वाटला तर खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरी चादर धरून एकीला उभं करा. सावलीची बाजू उजळते.

विजेचं वेगळं विचारा. “जनरेटर आहे ना?” एवढं विचारून भागत नाही. तो हॉल आणि स्टेजपुरताच जोडलेला असतो, खोल्यांना बऱ्याचदा नसतो. केसांचं मशीन, पंखा, मोबाइलचं चार्जिंग, सगळं एका सॉकेटवर येतं, म्हणून लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड घरूनच न्या.

कूलरचंही सांगते. आपल्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना कूलर बंद करा असं मी म्हणणार नाही. पण त्याची दमट हवा थेट तोंडावर आली की मेकअप बसत नाही आणि केस फुगतात. मेकअप सुरू व्हायच्या आधी खोली गार करून घ्या, मग कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, किंवा त्याचं तोंड भिंतीकडे फिरवा.

खोली कशीही असली तरी एक कोपरा साफ ठेवा. कोपरा म्हणजे खिडकी, त्यासमोर एक खुर्ची किंवा स्टूल, आणि मागची भिंत. त्या भागात बॅगा, चपला, पाण्याच्या बाटल्या, खुंटीवरचे टॉवेल काहीही नको. बाकीच्या खोलीत कितीही पसारा असू द्या, तो फोटोत येत नाही.

लग्न घरासमोर मांडवात असेल तर तुमचं नशीब चांगलं. जुन्या वाड्याची ढाळज किंवा ओसरी म्हणजे फोटोसाठी तयार जागा: डोक्यावर छप्पर, एका बाजूने मोकळा उजेड, मागे लाकडी खांब नाहीतर दगडी भिंत. माळवदाच्या घरात आत गारवा असतो पण अंधारही असतो. तिथे मेकअप आत करा आणि फोटोला ओसरीत या. छताच्या झरोक्यातून पडणारा उन्हाचा कवडसा बघायला सुंदर दिसतो, पण त्यात नवरीला उभं करू नका. डोक्यावर उजेड आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या, असा फोटो येतो.

४. बस्ता, ब्लाउज आणि दागिने

शालू आणि दागिने बहुतेक वेळा मुलाकडून येतात. ते वऱ्हाडासोबत, लग्नाच्याच दिवशी आले तर फोटोग्राफर सकाळी सातला येऊन काय काढणार? बस्ता बांधायच्या दिवशीच बोला. ब्लाउज शिवायला शालू तुमच्याकडे येतोच, तो परत पाठवू नका. ओटीत घालायचा मान त्यांचा असेल तर त्यासाठी दुसरी साडी ठेवता येते. दागिन्यांचं नाजूक असतं. आदल्या दिवशी मागायला संकोच वाटत असेल तर दागिन्यांचे वेगळे फोटो काढायची वेळ वऱ्हाड पोचल्यानंतरची धरा.

ब्लाउज लग्नाच्या निदान पंधरा दिवस आधी घालून बघा आणि घातल्यावर हात डोक्यावर न्या. आंबाड्यात गजरा माळतानाचा फोटो हवा असतो आणि बाही काखेत अडकते.

पैठणी असेल तर तिचा पदर हाच फोटोचा विषय आहे. पैठण आपल्या शेजारी असून आपण पदर घडीत ठेवतो! पलंगावर पांढरी चादर अंथरून पदर पूर्ण पसरा, मोर किंवा कमळं सरळ दिसतील अशी, आणि खिडकीच्या बाजूने फोटो काढायला सांगा. जरीवर समोरून फ्लॅश मारला की नुसता पांढरा डाग येतो. इस्त्री आदल्या दिवशी, वर सुती कापड ठेवून, हलक्या गरम इस्त्रीने. पाणी शिंपडू नका, रेशमावर डाग राहतो. साडी टांगून फोटो काढायचा असेल तर प्लास्टिकचा हँगर नको, लाकडी आणा. किमतीचं लेबल आणि दुकानाची चिठ्ठी कापून टाका. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण असते.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. तिला पांढऱ्या भिंतीसमोर उभी करू नका, साडीचा पोत उडून जातो. गडद दार, दगडी भिंत किंवा कपाटाचं लाकूड मागे घ्या.

मंगळसूत्र आणि जोडवी लग्नात घालायची असतात. बाहेरून आलेला फोटोग्राफर सकाळीच “मॅडम, मंगळसूत्र गळ्यात धरा” म्हणतो आणि खोलीत वादळ होतं. ताटात ठेवून फोटो काढायला हरकत नसते, तरी घरातल्या मोठ्या बाईला आधी विचारा.

दागिन्यांची यादी करा: ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ, गंठण, पाटल्या, तोडे, वाकी, बाजूबंद, झुमके, वेल, नथ, कमरपट्टा, पैंजण, जे असेल ते. यादी एकाच बाईच्या हातात आणि डबाही तिच्याच हातात. फोटोसाठी डबा उघडला की ती तिथेच बसेल, आणि बंद करताना मोजेल. कार्यालयात सकाळी कोण आत येतं, कोण बाहेर जातं, कुणाला कळत नाही.

५. मेंदी, हळद, केस, पाणी

मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी. तिचा रंग दुसऱ्या दिवशी सगळ्यात गडद होतो. रंग लवकर चढावा म्हणून मिळणारी काळी मेंदी घेऊ नका. तिच्यात बऱ्याचदा केस काळे करायच्या रंगातलं रसायन असतं, त्याने हाताला फोड येतात.

हळद त्याच सकाळी लागणार असेल तर चेहऱ्यावर पिवळेपणा राहतो आणि फाउंडेशनचा रंग जुळत नाही. हळद पाण्यापेक्षा तेलात चांगली सुटते. आधी खोबरेल चोळून कापसाने पुसा, मग बेसन आणि दुधाने धुवा. मावशी-काकूंना सांगा की तोंडाला बोटभर लावा, हातापायाला हौसेने लावा. केसांवर टॉवेल बांधा.

केस आदल्या दिवशी धुवा. ताजे धुतलेले केस निसटतात, आंबाडा टिकत नाही. बोअरच्या जड पाण्याने केस काथ्यासारखे राठ होतात, म्हणून शेवटचं पाणी जारचं घ्या.

पाण्याचं कार्यालयातही विचारून ठेवा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. आपल्या भागात उन्हाळ्यातलं लग्न म्हणजे टँकर किती वाजता येतो हाही वेळापत्रकाचा भाग असतो. नवरीच्या अंघोळीचं पाणी रात्रीच पिंपात भरून बाजूला ठेवा, आणि त्यावर एकीला लक्ष ठेवायला सांगा.

फेशियल, ब्लीच, वॅक्सिंग शेवटच्या तीन-चार दिवसांत नवीन काही करू नका.

६. पार्लरवाली ताई

ट्रायल घ्याच. ट्रायलच्या दिवशी खोलीत अंधार करून मोबाइलचा फ्लॅश मारून फोटो काढा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन, किंवा वरून जास्त मारलेली पांढरी एचडी पावडर फ्लॅशमध्ये चमकते आणि चेहरा पीठ फासल्यासारखा दिसतो. आरशात हे कळत नाही.

तिला सांगायची महत्त्वाची गोष्ट म्हणजे फोटोतलं आवरणं हे बरंचसं पुन्हा करून दाखवलेलं असतं. पूर्ण मेकअप, केस, साडी झाल्यावर शेवटचे हात कॅमेऱ्यासमोर करायचे: लिपस्टिकचा एक हात, काजळाची रेघ, कपाळाची चंद्रकोर, गजरा, नथ. अर्धवट मेकअपचे फोटो नंतर कुणालाच आवडत नाहीत. म्हणून फोटोच्या वेळी ती निघून जाऊ नये, तेवढा अर्धा-पाऊण तास तिच्याशी आधी ठरवा. मोठ्या तिथीला तिलाही पुढची नवरी असते.

तिच्याच हातचे फोटो हवेत असंही नाही. आईने नथ घालणं, बहिणीने गजरा माळणं, आजीने कुंकू लावणं हे फोटो पुढे जास्त बघितले जातात. मग त्या तिघींनीही तोपर्यंत आवरलेलं असायला हवं. आई त्या वेळी बहुतेक स्वयंपाकाकडे किंवा मानपानात अडकलेली असते, अंगावर घरातली साडी. तिला साडेनऊपर्यंत तयार करायची जबाबदारी एखाद्या मावशीवर टाका.

७. वेळापत्रक

मुहूर्त १२:३५ चा, हळद आदल्या दिवशी झालेली आणि महिना मे असं धरून:

- ५:३० उठणं, अंघोळ. उजाडतं सहाच्या आत-बाहेर.
- ६:३० पोटभर नाश्ता. लग्न लागेपर्यंत उपवास धरायची रीत असेल तर लिंबू सरबत, फळं जे चालतं ते. रिकाम्या पोटी, उन्हात, भरजरी शालूत चक्कर येते.
- ७:०० मेकअप आणि केस सुरू. त्याच वेळी फोटोग्राफर शालू, दागिने, पत्रिका, मुंडावळ्या, चपला यांचे फोटो काढतो.
- ९:१५ साडी. खोलीत फक्त बायका.
- १०:०० कॅमेरा आत. हा तो मोडायचा नाही असा तास.
- ११:०० दाराला कुलूप लावल्यासारखी शांतता, पंख्याखाली बसणं, पाणी.
- ११:३० गौरीहर असेल तर पूजेला. नंतर मामा येतो.

हळद त्याच सकाळी असेल तर सगळं दीड तास पुढे सरकतं आणि दहाचा तास साडेअकराला जातो. मग तो अर्ध्यावर आणा आणि खालच्या यादीतले पहिले चारच फोटो घ्या. हिवाळ्यात, तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथींना, सात वाजेपर्यंत धड उजाडत नाही, म्हणून वस्तूंचे फोटो आठनंतर.

चुडा भरायला कासारीण आदल्या संध्याकाळी येते. फोटोग्राफर तेव्हा असेल तर तिच्या हातात नवरीचा हात, हा फोटो सकाळच्या कुठल्याही फोटोच्या तोडीचा असतो.

८. सोबत ठेवायची पिशवी आणि कागद

पिशवीत: सेफ्टी पिना लहान-मोठ्या, साडी पिना, यू पिना, ब्लाउजच्या रंगाची सुई-दोरा, कात्री, टिश्यू, स्ट्रॉ, टिकल्यांचं जादा पाकीट, दाबाची एक जादा नथ, हातपंखा, दोन पांढऱ्या चादरी, पातळ पांढरं कापड, लाकडी हँगर, एक्स्टेंशन बोर्ड, चार्जर, पायाला चपला लागल्या तर लावायच्या चिकटपट्ट्या. उन्हाळ्यात मोगऱ्याचा गजरा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा आणि फोटोच्या आधीच काढा. सकाळपासून उघडा ठेवलेला दहापर्यंत तपकिरी पडतो.

फाइलमध्ये: कार्यालयाची पावती (खोलीचा ताबा किती वाजता मिळणार हे तिच्यावर असू द्या, आधीच्या लग्नाची मंडळी सकाळपर्यंत खोली सोडत नाहीत असंही होतं), फोटोग्राफर आणि पार्लरच्या आगाऊ रकमेच्या पावत्या, ठरलेल्या गोष्टींचा कागद, दागिन्यांची यादी, आणि सगळ्यांचे नंबर कागदावर लिहिलेले. पत्रिकेच्या दोन प्रतीही टाका. एक वस्तूंच्या फोटोत ठेवायला, दुसरी पुढे विवाह नोंदणीला.

९. त्या तासात कुणाला आत घ्यायचं

दारावर एक खमकी बाई बसवा. तरुण मुलगी नको, तिला कुणी जुमानत नाही. आत्या किंवा थोरली मामी. “काय करायलीस गं इतका वेळ, नवरदेव पारावर पोचला!” असं ओरडत जो-तो आत शिरतो, त्यांना ती तोंडावर परत पाठवू शकते. आत नवरी, करवली, आई, आजी आणि पार्लरवाली एवढ्याच. बाकीच्या बहिणींचे मोबाइल बाहेर, कारण एकीने फ्लॅश मारला की फोटोग्राफरचा फोटो गेला, आणि नवरीला कुठे बघावं कळत नाही. त्यांना शेवटची दहा मिनिटं द्या, सगळ्यांचे सेल्फी तेव्हा.

नवरीने कॅमेऱ्याकडे बघू नये. आरशात, गजऱ्याकडे, आईकडे बघावं. हसू आलं तर हसावं, रडू आलं तर थोडा वेळ रडावं, खालचं काजळ पुसता येतं.

१०. फोटोंची यादी

फोटोग्राफरला लांबलचक यादी देऊ नका, तो ती खिशात ठेवून विसरतो. एवढी पुरते, आणि महत्त्वाच्या क्रमाने:

१) आई नथ किंवा मुंडावळ्या बांधताना.
२) खिडकीजवळ एकटी, चेहरा उजेडाकडे.
३) आजीसोबत.
४) पाठमोरा आंबाडा आणि गजरा.
५) मेंदीचे हात, चुड्यासकट.
६) बहिणींसोबत.
७) वडील पहिल्यांदा आत येतात तेव्हा. हा फोटो ठरवून घ्यावा लागतो, कारण वडील त्या सकाळी कुणाला सापडत नाहीत. दोघा भावांना पाठवून त्यांना आणा, आणि का बोलावलं ते सांगू नका.

११. गोरज मुहूर्त असेल तर

आवरणं दुपारी तीन ते पाचमध्ये येतं, म्हणजे उन्हाची सगळ्यात वाईट वेळ. पश्चिमेची खिडकी टाळा. मेकअप पातळ थरांत, चेहऱ्यावर आधी फडक्यात बांधलेला बर्फ. एक फायदा मात्र असतो: साडेपाचनंतर उन्हाचा रंग मऊ पिवळा होतो. तेव्हा दहा मिनिटं गच्चीवर किंवा अंगणात मिळाली तर घ्या.

१२. नंतर

निघायच्या गडबडीत फोटोग्राफरकडून डेटा घ्यायचा राहतो. त्याला दोन कार्डांवर ठेवायला सांगा आणि आठवड्याच्या आत तुमच्या हार्ड डिस्कवर एक प्रत घ्या. एक प्रत माहेरी राहू द्या.

एडिटिंगला जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगा: चेहऱ्याचा रंग उजळवायचा नाही. न सांगितल्यास बरेच स्टुडिओ सगळ्या नवरी मुलींना एकाच गोऱ्या रंगात रंगवतात, आणि मेंदी व हळदीचा रंगही त्यात धुऊन निघतो. आधी दहा फोटो नमुन्याला मागवा, ते मोबाइलवर आणि टीव्हीच्या मोठ्या पडद्यावरही बघा, मग बाकीच्यांना होकार द्या. अल्बमचं डिझाइन छापायच्या आधी आईला आणि सासूबाईंना दाखवा. कुणाची तरी मावशी राहिलेली असते, आणि छापल्यानंतर पान बदलायचे वेगळे पैसे लागतात.